लेटरहेड, कॉलर माइक आणि व्ह्यूचा सातबारा

मालवणकडच्या तिघांनी विचारलंय, दोन मुलगे आणि एक मुलगी, कॉलेज संपत आलेलं. प्रश्न थोडक्यात असा: आम्हाला अली जी टाइपचा, म्हणजे त्या ब्रिटिश कॉमेडियनच्या येड्या रिपोर्टरच्या सोंगासारखा, शो मालवणीत करायचाय, आमच्यातला एकजण येडा रिपोर्टर होणार, समोर खरी मोठी माणसं बसवणार आणि त्यांना ही कॉमेडी आहे हे माहीत नसणार. लोक यात फसतात कसे, आपण हसू कसं आवरायचं, केस पडेल का आणि कोणाकोणाला घ्यायचं? सोबत चौघांची लिस्ट पण दिलीय. एक पुढारी, एक सी-व्ह्यू प्लॉट विकणारा एजंट, एक रिसॉर्टवाला आणि नाक्यावरचा वडापाववाला काका.

मी या धंद्यातला जुना माणूस. २००० नंतरची पाच-सहा वर्षं कुडाळ पट्ट्यात लोकल केबलवर आमचा अर्ध्या तासाचा फिरकीचा कार्यक्रम असायचा, दर रविवारी. मग मुंबईत हिडन कॅमेरावाल्या शोंमधे फील्ड प्रोड्युसर म्हणून बरीच वर्षं घासली, आता परत गावी. त्या वेळच्या मिनीडीव्ही टेपा अजून पत्र्याच्या डब्यात आहेत, अर्ध्यांना बुरशी आलीय, आपल्याकडची हवा कोणाला सोडत नाही. तर उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, लोक वेषाला फसत नाहीत. तुम्ही तिघांनी मेसेजमधे विग, मिशी, पिवळा सूट याबद्दलच चार ओळी लिहिल्यात, ते सगळं शेवटचं काम आहे. माणूस फसतो तो तुम्ही समोर यायच्या आठ दिवस आधी. फोन येतो, आवाज बाईचा, शांत, "सर, आम्ही कोकणच्या विकासावर एक माहितीपट करतोय, तुमच्यासारख्या जाणकाराचं मत हवं होतं", मग लेटरहेडवर पत्र येतं, मग परत फोन, वेळ ठरते, मग गाडी येते, दोन लाइट लागतात, ट्रायपॉड उघडतो, कोणीतरी वाकून शर्टाला कॉलर माइक लावतो, आणि तो माइक लागला ना की माणसाचा पाठीचा कणा सरळ होतो, आवाज अर्धा सूर खाली येतो. तिथे तो फसलेला असतो. नंतर समोर कोण येऊन बसतंय याला फार महत्त्व उरत नाही, कारण आता उठून जाणं म्हणजे स्वतःच्याच घरात स्वतःचा पचका.

सॅशा बॅरन कोहेनचा अली जी घ्या. १९९८ मधे तो ब्रिटिश टीव्हीवर दुसऱ्याच एका शोमधे छोट्या तुकड्यात आला, २००० ला चॅनल फोरवर स्वतःचा शो मिळाला आणि २००३ पासून एचबीओसाठी अमेरिकेत. अमेरिकेत कोण कोण बसलंय त्याच्यासमोर, युनोचे माजी सरचिटणीस बुट्रोस बुट्रोस-घाली, चंद्रावर चाललेला बझ ऑल्ड्रिन, अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर. ही काय बावळट माणसं होती का? त्यांची पद्धत सांगतात ती अशी, की सुटाबुटातला एक माणूस आधी आत यायचा, पाहुण्याशी हात मिळवायचा, आणि पिवळा ट्रॅकसूट घातलेला अली जी मागून सामान घेऊन यायचा, पाहुण्याला वाटायचं हा लाइटवाला पोरगा असेल, आणि मग ऐन वेळी लाइटवाला पोरगाच खुर्चीत बसायचा. तोपर्यंत पाहुण्याचा माइक लागलेला, सही झालेली. आता उठायचं तरी कसं?

यात सगळ्यात जास्त कामाला येतो तो माणसाचा चांगुलपणा, हे लक्षात ठेवा. अली जीने ऑल्ड्रिनला सूर्यावर माणूस पाठवायचं काय म्हणून विचारलं, तिथे फार गरम असतं म्हटल्यावर, मग थंडीत गेलं तर, असं विचारलं. आणि चंद्रावर जाऊन आलेला तो म्हातारा त्याला शांतपणे समजावतोय की सूर्य थंडीत गार होत नाही. मला तो तुकडा बघताना ऑल्ड्रिनची दया येत नाही, उलट आदर वाटतो. समोरच्या बिनडोक पोराला तुच्छ न लेखता उत्तर देणारा माणूस आहे तो. ब्रिटनचे जुने समाजवादी नेते टोनी बेन यांनी तर अली जीला दाबूनच धरलं, अरे हे काय बोलतोस म्हणून खडसावलं, आणि त्या सगळ्या पाहुण्यांमधे तेच सगळ्यात उठून दिसले. आणि डोनाल्ड ट्रम्प, आइस्क्रीम हातावर ओघळू नये म्हणून हातमोजा विकायची आयडिया ऐकून थोड्याच वेळात उठून गेला. म्हणजे एकच सापळा, आणि त्यात प्रत्येकजण आपापला स्वभाव दाखवून जातो. शो तोच असतो. फसला की नाही याला पाच मिनिटांपलीकडे किंमत नाही.

आता दुसरी जात. यात पाहुण्याचा स्वभाव बघायचाच नसतो, तो वाचतो किती ते बघायचं असतं. ब्रिटिश कॉमेडियन ख्रिस मॉरिसचा ब्रास आय नावाचा शो, चॅनल फोर, १९९७. त्याने "केक" नावाचं एक ड्रग बनवलं, म्हणजे कागदावर, असं काही अस्तित्वातच नव्हतं, आणि टीव्हीवरच्या ओळखीच्या चेहऱ्यांना कॅमेऱ्यासमोर त्याच्या विरोधात बोलायला लावलं. त्यांच्या हातात पिवळी मोठी गोळी, थाळीएवढी, आणि हे गंभीर चेहऱ्याने तरुणांना इशारा देतायत. एकाने तर हे मेंदूच्या कुठल्या भागावर परिणाम करतं त्याचं नाव पण सांगितलं, ते नावसुद्धा मॉरिसनेच बनवलेलं. ज्या संस्थांच्या नावाने पत्रं गेली त्यांची आद्याक्षरं जोडली तर सरळ शिवी होत होती. कोणी जोडली नाहीत. आणि कळस म्हणजे डेव्हिड एमेस नावाच्या खासदाराने या नसलेल्या ड्रगबद्दल थेट संसदेत प्रश्न टाकला.

हे ऐकून हसायला येतं, पण आपल्याकडे फार वेगळं आहे असं समजू नका. आमचा एक तुकडा सांगतो, साल २००४ च्या आसपासचं, माणसाचं नाव-गाव-पद काही सांगणार नाही, एक स्थानिक पुढारी एवढंच. विषय आम्ही घेतला होता पर्यटन. आमच्या रिपोर्टरने आधी वीस मिनिटं एकदम सरळ प्रश्न विचारले, रस्ते, पाणी, निवास-न्याहारी, ते वीस मिनिटं आम्ही रेकॉर्डिंग करतोय पण वापरायचं काहीच नाहीये, फक्त त्याला सवय व्हावी म्हणून. मग रिपोर्टर म्हणाला, "साहेब, पर्यटकांची एक मोठी तक्रार आहे, शनिवार-रविवारी नेमकी ओहोटी असते, मुंबईचा माणूस एवढा खर्च करून येतो आणि पाणी लांब गेलेलं असतं. तर भरती-ओहोटीचं टाइमटेबल बदलावं अशी मागणी होतेय."

आणि गप्प बसला.

चार सेकंद. एडिटवर मोजलेत मी. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बाहेर नारळावर कावळा ओरडत होता तो पण टेपवर आहे. मग म्हणाले, "मागणी रास्त आहे." पुढचं वाक्य आम्ही कधीच लिहू शकलो नसतो, "हा विषय आपण संबंधित खात्याकडे मांडलेला आहे, मागच्या वेळच्या लोकांनी लक्ष दिलं नाही." मांडलेला आहे! भूतकाळ! कॅमेरामनचा खांदा हलायला लागला, फ्रेम हलतेय हे टेपवर दिसतं, आणि आमच्या रिपोर्टरने मात्र वहीत लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न टाकला, "मग निदान मे महिन्यापुरती सलग भरती मिळेल का?" साहेब म्हणाले, "प्रयत्न चालू आहेत."

आता यात काय घडलं ते नीट बघा, कारण तुम्हाला लिहायचंय. एक, समुद्र ज्याच्या दारात आहे, ज्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या भरतीची वेळ बघून माणसं कामाला गेली, त्याला भरती-ओहोटी कळत नाही असं नाहीच. त्याला ते कळतं. पण "मागणी" आणि "तक्रार" हे दोन शब्द ऐकले की त्याच्यातला माणूस बाजूला होतो आणि पद बोलायला लागतं. आमचा विनोद त्या पदावर होता. दोन, प्रश्न त्याच्याच भाषेत होता. टाइमटेबल, मागणी, पर्यटक, खातं. शब्द सगळे रोजचे, फक्त एक गोष्ट अशक्य. तुम्ही पाठवलेल्या नमुना प्रश्नांत एका वाक्यात तीन-तीन अशक्य गोष्टी आहेत, एलियन काय, भूत काय, पहिल्याच मिनिटाला माणूस म्हणेल काय रे चेष्टा करतोस. एका प्रश्नात एकच खडा टाकायचा, बाकी सगळा भात व्यवस्थित शिजलेला हवा. आणि तीन, चार सेकंदांची शांतता. नवीन पोरांना हीच जमत नाही, प्रश्न विचारला की भीती वाटते आणि स्वतःच त्यात भर घालत बसतात, म्हणजे असं की सर, तसं की सर, झालं, पाहुण्याला विचार करायला वेळ मिळाला. शांतता ही पाहुण्याची अडचण झाली पाहिजे. ती भरायला तो जे बोलतो तेच सोनं.

हसू कसं आवरायचं विचारलंत. गाल आतून चावणं, पायाचा अंगठा दाबणं, हे सगळे करतात, पण खरा उपाय सांगू, रिपोर्टरला उत्तर खरंच हवं असलं पाहिजे. आमचा जो रिपोर्टर होता तो दशावतारात कामं करायचा. दशावतारात लिहिलेलं स्क्रिप्ट नसतं हे तुम्हाला माहीतच आहे, कथा ठरलेली आणि संवाद तिथल्या तिथे, समोरचा काय टाकतो ते ऐकून आपण उचलायचं, रात्रभर. त्या माणसाला ऐकायची सवय होती. कॉलेजच्या एकांकिकावाल्यांना बोलायची सवय असते, फरक पडतो. आणि आडदशावतारातला, म्हणजे मुख्य कथेच्या आधीच्या भागातला, संकासूर नीट बघा एकदा, फक्त हसायला नको, शिकायला बघा. तो स्वतः वेंधळा होऊन मोठ्या शहाण्याला प्रश्न विचारतो आणि शहाण्याची गोची होते. अली जी म्हणून तुम्ही जे लांबून आणताय ते देवळासमोर पेट्रोमॅक्सच्या उजेडात चाललेलं होतंच. शिमग्यात सोंगाला गावकारापासून सगळ्यांची टर उडवायची मुभा असते ती पण त्याच घरातली. फरक एवढाच की तिथे सगळ्यांना माहीत असतं की आज शिमगा आहे, आणि तुमच्या पाहुण्याला माहीत नसतं. तो फरक छोटा नाही, त्याच्यावर येतो खाली.

आपल्याकडची एक खास अडचण. तुम्ही विग लावा नाहीतर दाढी लावा, कणकवली ते वेंगुर्ला पट्ट्यात पाचव्या मिनिटाला पाहुणा म्हणणार, "रे तू मास्तरांचो झिल मां?", म्हणजे मास्तरांचा मुलगा ना तू? आमचे कमीत कमी सहा शूट असे गेले. एकदा तर पाहुण्याच्या बायकोने आतून ओळखलं, आवाजावरून. म्हणून समोर बसणारा बाहेरचा घ्या, नाहीतर पाहुणा बाहेरचा घ्या. आणि एकदा एपिसोड लागला की पुढच्या वेळी सावध होतातच लोक, याचं कोणाला नवल वाटू नये. कॅन्डिड कॅमेरा या अमेरिकन हिडन कॅमेरा शोवाल्या अॅलन फंटची गोष्ट यात सगळ्यात भारी आहे. त्याने १९४७ ला रेडिओवर लपवलेल्या माइकने सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी टीव्हीवर आला, सगळ्याचा आजोबा म्हणायचा. १९६९ मधे तो ज्या विमानात होता ते खरोखर हायजॅक झालं, क्युबाला नेलं, आणि प्रवाशांनी त्याला ओळखल्यामुळे बऱ्याच जणांना वाटलं की हे शूटिंग आहे. अपहरण खरं, भीती खरी, आणि लोक निवांत. आपल्याकडे एमटीव्ही बकरामुळे असंच झालं होतं, सायरस ब्रोचा रस्त्यात दिसला की लोक आधी कॅमेरा कुठे आहे ते शोधायचे. "बकरा" हा शब्द त्या शोने इतका रुळवला की आम्ही कॉल शीटवर, म्हणजे शूटच्या दिवसाच्या कागदावर, पाहुण्याच्या रकान्यात पण तेच लिहायचो. एकदा ती शीट पाहुण्याच्या टेबलावर राहिली. असो.

एजंटबद्दल. तुमच्या लिस्टमधला हा सगळ्यात चांगला माणूस, कारण तो काहीतरी विकतोय, आणि विकणाऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला लागत नाही, तो आधीच वर बसलेला असतो. मुंबईत असताना आम्ही एका अशाच कोकणात प्लॉट विकणाऱ्याला बसवलं होतं. आमची बाई गिऱ्हाईक बनून, श्रीमंत, फार गोड. तिने विचारलं, "मला जमीन नकोय हो, जमिनीची कटकट फार, मला फक्त व्ह्यू घ्यायचाय. व्ह्यूचा वेगळा सातबारा होतो का?" तो क्षणभर थांबला, खरंच थांबला, मला वाटलं आता हसणार आणि संपलं. पण नाही. म्हणाला, "मॅडम, तसं होत नाही, पण आपण करून देऊ." मग ती विचारते की पुढे कोणी बिल्डिंग बांधली तर माझा व्ह्यू जाईल ना, तर म्हणाला त्याचं पण अॅग्रीमेंट करू. मग ती म्हणाली सूर्यास्त माझ्या हिश्शात येतो का शेजाऱ्याच्या. त्याने मोबाइल काढला, होकायंत्र उघडलं, आणि बोटाने दाखवायला लागला. हे लिहून होत नाही. ज्यांची वडिलोपार्जित कातळावरची जमीन अशाच गोड बोलण्यात गेलीय त्यांना यात विनोदाच्या खाली काय आहे ते न सांगता कळतं, आणि म्हणून तो तुकडा पंधरा वर्षांनी पण लागतो.

कायद्याचं. मी वकील नाही, शूटच्या आधी एका वकिलाला पाचशे-हजार द्या आणि बसवा, पण मला जे माहीत आहे ते सांगतो. अमेरिकेत सगळा खेळ सहीवर चालतो. २०१८ च्या हू इज अमेरिका या शोमधे बॅरन कोहेनने रॉय मूर या अलाबामाच्या माजी मुख्य न्यायाधीशाला फसवलं, त्याने ९.५ कोटी डॉलरचा दावा लावला, पण शूटच्या आधी त्याने करारावर सही केलेली होती, २०२१ ला कोर्टाने दावा फेटाळला आणि २०२२ ला अपिलातही तेच झालं. हे वाचून आपल्याकडचे यूट्यूबवाले खूश होतात की चला, फॉर्म भरून घेतला की झालं. तसं नाहीये. आपला करार कायदा १८७२ चा, त्याच्या कलम १९ प्रमाणे फसवून घेतलेली संमती ज्याला फसवलं तो रद्द करू शकतो. मग तुमचा फॉर्म कितपत टिकेल हे कोर्टात उभं राहिल्यावर कळणार, आणि कोर्टात उभं राहायचे पैसे तुमच्याकडे नाहीत. म्हणून आम्ही नंतर एक पद्धत केली, सही दोनदा. एक शूटच्या आधी, त्यात खोटं काही लिहायचं नाही, "मनोरंजन कार्यक्रम" हा शब्द त्यात असायचाच, कोणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी. आणि दुसरी शूटनंतर, सगळं सांगून, फुटेज दाखवून. दुसरी सही नाही मिळाली तर टेप डब्यात. तुम्हाला वाटेल मग कोण देईल सही, तर बरेचजण देतात. माणसाला आपण टीव्हीवर दिसणार यापुढे बाकी सगळं फिकं वाटतं.

पुढाऱ्याच्या बाबतीत दुसरी सही आम्ही घेतली नव्हती, खरं सांगतो. तो सार्वजनिक कामाबद्दल सार्वजनिक पदावरून बोलत होता, ते आम्हाला चालेल असं वाटलं. आजही वाटतं. पण बदनामीची केस कोणावरही टाकता येते, आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, तेव्हा एडिटमधे एक नियम कधी मोडू नका, उत्तर त्याच प्रश्नाचं पाहिजे. प्रश्न वेगळा, उत्तर दुसरीकडचं, जोड लपवायला मधे मान हलवतानाचा शॉट, हे एडिट टेबलवर दोन मिनिटांचं काम आहे आणि फार मोह होतो. करू नका. शक्यतो प्रश्न आणि उत्तर दोघं एकाच फ्रेममधे, सलग, न कापता. रॉ फुटेज सांभाळून ठेवा, दोन ठिकाणी. आणि सरकारी माणूस अजिबात बनू नका, तलाठी नाही, रेल्वे नाही, पोलीस तर नाहीच. सरकारी नोकर असल्याचं सोंग करून काही करणं हा सरळ गुन्हा आहे, त्याच संहितेचं कलम २०४. हे मी का एवढं ठासून सांगतोय ते पुढे येईल.

आधी एक उलटी बाजू. पाहुणा नाहीच, अख्खं चॅनल फसलं अशी केस पण आहे, आणि ती आपल्या देशाची आहे. ३ डिसेंबर २००४, भोपाळला वीस वर्षं झाली त्या दिवशी बीबीसी वर्ल्डवर, युनियन कार्बाइड विकत घेतलेल्या डाऊ केमिकलचा प्रवक्ता म्हणून एक माणूस आला आणि म्हणाला, आम्ही पूर्ण जबाबदारी घेतो, १२०० कोटी डॉलर देतो. तो यस मेन नावाच्या, कंपन्यांची अशी सोंगं घेऊन टर उडवणाऱ्या ग्रुपमधला होता, प्रवक्ता वगैरे काही नाही. डाऊचा शेअर पडला, कंपनीला जाहीर सांगावं लागलं की नाही हो, आम्ही काही देणार नाही, म्हणजे ज्याला उघडं पाडायचं होतं तो बरोब्बर उघडा पडला. सटायर म्हणून मी याला पहिल्या तिनात धरतो. पण भोपाळमधे काही वेळ लोकांना ते खरं वाटलं होतं. त्या वेळेचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. बाण कंपनीवर सोडलेला, बरोबर लागला, आणि तरी जाताना कोणालातरी घासून गेला.

आणि २०१२ ची ती लंडनच्या हॉस्पिटलची गोष्ट. तिथे राजघराण्यातली केट ॲडमिट होती, ऑस्ट्रेलियातल्या रेडिओवाल्यांनी ब्रिटनची राणी आणि राजपुत्र बनून फोन केला, एका नर्सने तो फक्त वॉर्डला जोडून दिला, जगभर हसले लोक, आणि तीन दिवसांनी त्या बाईने आयुष्य संपवलं. ती आपल्याच किनाऱ्यावरची, खाली मंगळुरूकडची. तिने कुठलं मत मांडलं होतं, काय विकत होती, कुठल्या पदावरून बोलत होती? ड्युटीवर होती आणि फोन उचलला, एवढंच.

आता आमचं. २००३ असेल. कोकण रेल्वे पूर्ण सुरू होऊन पाच वर्षं झालेली, आणि तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे गाडी दारावरून जाते आणि स्टेशन लांब, हॉल्ट हवा ही प्रत्येक वाडीची इच्छा. आम्ही गळ्यात कार्डं लटकवली, हातात टेप, पांढऱ्या टोप्या, आणि रेल्वेचे सर्व्हेवाले म्हणून एका वाडीत गेलो. एक म्हातारे गृहस्थ अंगणात सोलं वाळत घालत होते. त्यांना सांगितलं, तुमच्या परड्याला लागून हॉल्ट येणार, नाव तुमच्या वाडीचं. आम्हाला वाटलेलं ते उलटसुलट विचारतील, भांडतील, मजा येईल. ते आत गेले आणि आमच्या सहा जणांसाठी कोकम सरबत घेऊन आले. पेले कमी पडले म्हणून दोघांना लोट्यातून. मग विचारलं, "प्लॅटफॉर्म खयच्या बाजूक येतलो?" रिपोर्टरने हात करून दाखवलं. त्यांनी तिथल्या दोन पोफळी बघितल्या आणि म्हणाले त्या काढाव्या लागतील, हरकत नाही.

एपिसोड लागला. केबल, म्हणजे सगळ्या पंचक्रोशीने बघितलं. हिट झाला, आमचा सगळ्यात हिट एपिसोड होता तो. महिन्याभराने कळलं की त्यांनी त्याच रात्री मुंबईला मुलाला फोन केला होता, आणि ते आता नाक्यावर येत नाहीत, पोरं शिट्टी मारतात इंजिनाची. मी गेलो घरी माफी मागायला, एकटाच. पोफळींपैकी एक तोडलेली होती. त्यांनी बसायला सांगितलं, परत सरबत दिलं. मी बोलायला सुरुवात केली तर म्हणाले, "माका वाटला, खराच आसा." बाकी काही नाही, मग पावसाचं बोलत बसले. ती टेप बुरशीने गेलेली नाही, चांगली आहे, मी लावत नाही.

म्हणून वडापाववाला काका लिस्टमधून काढा. त्याची तुम्ही फिरकी काय घेणार, तो सकाळी पाचला उठून बटाटे उकडतो. तुम्ही लिहिलंय की तो "जाम फनी बोलतो", मग त्याला सांगून घ्या, समोर बसवा, तो तुमच्यापेक्षा चांगली कॉमेडी करेल.

सांगून घेण्यावरून आठवलं, फसवणं हे कंपल्सरी नाही. अमेरिकन कॉमेडियन स्टीफन कोल्बेरचा शो २००५ ते २०१४ चालला, तो पाहुण्याला आधीच सांगायचा की मी एक मूर्ख पात्र करतोय, तुम्ही मला खोडून काढा. तरीही २००६ ला एक खासदार त्याच्यासमोर बसला, ज्याने बायबलमधल्या दहा आज्ञा सरकारी इमारतींत लावाव्यात अशा विधेयकाला पाठिंबा दिलेला, कोल्बेरने म्हटलं सांगा बघू दहा, तर तिनावर गाडी अडली. कुठे फसवलं? प्रश्न सरळ होता. हल्लीचा ब्रिटिश शो कंक बघा, त्यात येडी रिपोर्टर होते ती डायान मॉर्गन, तिच्यासमोरच्या प्रोफेसरांना माहीत असतं की हे गमतीचं आहे, फक्त प्रश्न माहीत नसतात, आणि त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. तुम्हाला सुरुवातीला मी हाच रस्ता सुचवेन. केस नाही, दोनदा सही नाही, आणि "मास्तरांचो झिल" म्हणून ओळखलं तरी बिघडत नाही.

सामानाचं एका दमात सांगतो. कॉलर माइक दोन, सेल जास्तीचे, कारण लाइट जाणारच. कॅमेरे दोन पाहिजेत, एक सतत पाहुण्यावर, कितीही मोह झाला तरी तो हलवायचा नाही. मोबाइल चालेल. खिडकी समुद्राकडे असेल तर पाठ करून बसवू नका, चेहरा काळा येतो. पंखा बंद करायला लावा, घाम येऊ दे.

पाहुण्याने मधेच पकडलं तर? लगेच मान्य करायचं, तिथल्या तिथे, हात जोडून, कॅमेरा बंद. वाद घालायचा नाही, "सर कंटेंट आहे" वगैरे तर अजिबात नाही. आम्हाला एकाने पकडल्यावर जेवायला घातलं होतं, एकाने कुत्रा सोडला होता.

तर चारातून तीन राहिले. पुढाऱ्याला निवडणुकीच्या तोंडावर घेऊ नका, तुम्ही कोणाचे ते आधी ठरवतील आणि मग हसतील. एजंट कधीही मिळेल. रिसॉर्टवाला पहिला घ्या, पण मे महिन्यात नाही, सीझनला त्याला पाणी प्यायला वेळ नसतो. मृग लागला, होड्या वर ओढल्या, रूम रिकाम्या झाल्या की तो व्हरांड्यात एकटा बसलेला असतो आणि कोणीतरी बोलायला यावं याचीच वाट बघत असतो. तेव्हा जा. भरती-ओहोटीचा प्रश्न वापरलात तरी चालेल, माझी काही हरकत नाही.